गडावरचं इंग्रजी

प्रश्न : मी मळवलीहून पर्यटकांना गड दाखवायला नेतो. ही वाक्यं तपासाल का? ‘वी आर हॅविंग टू फोर्ट्स हिअर. विसापूर इज मोअर हायर दॅन लोहगड. इन 1670 शिवाजी महाराज हॅज रिकॅप्चर्ड लोहगड. प्लीज कम स्लोली स्लोली.’

उत्तर : अर्थ पोचतो. ‘देअर आर टू फोर्ट्स हिअर’ म्हणा, ‘मोअर’ गाळा. खरी गोम तिसऱ्यात आहे. साल सांगितलं की ‘हॅज’ चालत नाही. नुसतं ‘रिकॅप्चर्ड’ हवं. 1665च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला होता, हे आधी सांगा. नाहीतर पाहुण्याला त्यातला ‘रि’ कळणार नाही. एक ‘स्लोली’ पुरे. पण पावसाळ्यात, निसरड्या पायऱ्यांवर, दुसरं मी खोडणार नाही.