आंबविल्याने विष उतरत नाही

फळांचा रस आंबवून पेय सिद्ध करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदातील अनेक आसवे व अरिष्टे धायटीची फुले घालून याच तत्त्वावर तयार होतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळासाठी द्राक्षे, जांभूळ वा आले यांची वाइन घरी करण्याची रीत आहे. यांतील प्रत्येक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या पारखलेला असतो. रंग, वास वा ‘गुण’ वाढावा म्हणून रानातील अनोळखी फूल, साल किंवा लाकूड भांड्यात पडते, तेव्हा मात्र धोका सुरू होतो.

आंबले की सारे शुद्ध होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. किण्व साखरेचे रूपांतर मद्यार्क व कर्बद्विप्राणिल वायूत करते. वनस्पतीतील विष निष्प्रभ होईल याची हमी त्यात नाही. उलट, पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण हे उत्तम द्रावक आहे. औषधी अर्क काढण्यासाठी ते याच कारणाने वापरतात. आठवडेच्या आठवडे भिजत पडलेल्या सालीतून गुणांबरोबर विषही उतरते.

लाकूड निर्जीव असल्याने निरुपद्रवी, हेही खरे नाही. बिवळ्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा रंग सकाळी पालटलेला दिसतो. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला त्या लाकडाचा स्वाद येतो. मग कण्हेरीची काठी ढवळण्यास घेतली तर काय होईल? कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून ते विष हृदयाची गती बिघडविते; उकळल्याने वा वाळविल्याने ते जात नाही. वाळवी लागू नये म्हणून रसायन लावलेले इमारती लाकूडही तितकेच त्याज्य होय.

पक्षी खातात म्हणून फळ निर्धोक, हा तर्कही फसवा आहे. काजऱ्याच्या फळाचा गर पक्षी खातात. पण त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे तीव्र विष असते. धोतऱ्याने तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात व भ्रम होतो. नावांचाही घोटाळा होतो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन भिन्न वनस्पती आहेत, मात्र विषारी दोन्ही आहेत.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. तथापि हा इशारा काढे व सरबते यांनाही तेवढाच लागू पडतो. शिक्षकांनी परिसरातील विषारी झाडे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावीत. पंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा. विषबाधेची शंका येताच घरगुती उतारे न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेले पेय व वनस्पतीचा नमुना डॉक्टरांकडे न्यावा. ज्या झाडाची ओळख निश्चित नाही, त्याचे पान, फूल वा लाकूड भांड्यात पडू न देणे, हाच खरा उपाय होय.