जुन्या मालकाचा शब्द



रविवारच्या मिस्सेनंतर आपले तरुण-तरुणी भेटतात तेव्हा एक विनंती वारंवार कानी पडते. "फादर, मुलाखत चांगली झाली, पण त्यांनी जुन्या साहेबांचा फोन नंबर मागितलाय. ते काय सांगतील याची भीती वाटते. प्रार्थना करा." कोणी सुप्याच्या एमआयडीसीत प्रयत्न करत असतो, कोणी रांजणगाव-चाकणला, कोणी परिचारिका म्हणून पुण्याच्या इस्पितळात. काम येत असते, कष्टाची तयारी असते, तरी रात्री झोप लागत नाही. पुढची भाकर तिसऱ्याच माणसाच्या जिभेवर अवलंबून असते ना! प्रार्थना मी करतोच. पण या भीतीमध्ये श्रद्धेचा आणि नीतीचा जो भाग आहे त्याचा आज थोडा अभ्यास करू या.

भिंगारला ही काळजी नवी नाही. १८०३ साली नगरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे येथे लष्करी छावणी वसली. छावणीबरोबर साहेबांचे बंगले आले आणि बंगल्यांबरोबर खानसामे, बटलर, आया, मोतद्दार, माळी आले. त्या काळी हिंदुस्थानातील सगळ्याच छावण्यांत एक रीत होती. साहेबाची बदली झाली की जाताना तो नोकराला इंग्रजीत चार ओळी लिहून देई. तिला 'चिट' म्हणत; आपला 'चिठ्ठी' हा शब्दच त्यांनी उचलला होता. ती जपून ठेवायची आणि पुढच्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभे राहून नव्या साहेबापुढे धरायची. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला बहुधा ती वाचता येत नसे. चिठ्ठीत टिंगल किंवा निंदा लिहिलेली असून बिचारा ती मोठ्या अभिमानाने दाखवत फिरला, असे किस्से त्या काळच्या आठवणींत सांगितले जातात. साहेबलोक त्यावर हसत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

आपल्यातील निवृत्त जवानांनाही हे वेगळे सांगायला नको. सैन्यातून बाहेर पडताना चारित्र्याचा शेरा मिळतो, आणि 'एक्झेम्प्लरी' व 'गुड' यांत किती अंतर आहे हे पुढे साधी सुरक्षारक्षकाची नोकरी मागतानाही कळते.

आता मोठ्या कंपन्यांत बराच कारभार कागदावर आला आहे. अनुभवाचा दाखला आणि रिलिव्हिंग लेटर नीट असले की पडताळणी करणारे लोक बहुतेक वेळा हुद्दा आणि तारखा जुळतात का एवढेच पाहतात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आला, त्यातही आपण कोठे कधी कामाला होतो हे दिसते. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती स्वतः नोंदवता येते. ही सोय २०२० पासून आहे आणि अनेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. तारीख मात्र कागद समोर ठेवून, नीट पाहूनच भरावी.

खरी भीती फोनची असते. छोटा कारखाना, दुकान, खासगी शाळा, दहा खाटांचे इस्पितळ, धुणीभांड्याचे काम, अशा ठिकाणी कागद नसतोच. असतो तो फक्त मालकाचा शब्द.

मार्कची गोष्ट

पवित्र शास्त्रात अशा एका तरुणाची गोष्ट आहे, पण आपण ती फारशी सांगत नाही. संत पौल आणि बर्णबा पहिल्या प्रेषितकार्याच्या प्रवासाला निघाले तेव्हा योहान मार्क हा मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर होता. पंफुल्यातील पिर्गा येथे पोचल्यावर तो काम अर्धवट टाकून यरुशलेमला परत गेला (प्रेषितांची कृत्ये १३:१३). का गेला, ते लिहिलेले नाही. घरची आठवण आली असेल, आजारी पडला असेल, पौलाशी पटले नसेल. नोकरी सोडणाऱ्याचे कारण नोंदीत राहत नाही, 'सोडून गेला' एवढेच राहते.

पुढे दुसऱ्या प्रवासाची वेळ आली. बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ या. पौलाने साफ नकार दिला. जो आपल्याला मध्येच सोडून गेला त्याला पुन्हा नेणे त्याला बरोबर वाटेना. लक्षात घ्या, पौल खोटे बोलत नव्हता. मार्क खरेच निघून गेला होता. यावरून दोन प्रेषितांत एवढी तीव्र वादावादी झाली की ते वेगळे झाले. पौलाने सीलाला घेतले, बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला (१५:३६-४०). आता कोणी म्हणेल, मार्क हा बर्णबाचा भाऊबंदच होता, तो घेणारच! नाते होते हे खरे आहे. पण याच बर्णबाने त्याआधी ज्याच्याशी काही नाते नव्हते अशा एका माणसासाठीही आपला शब्द खर्ची घातला होता. तो माणूस म्हणजे स्वतः पौल. प्रमुख याजकाची पत्रे घेऊन ख्रिस्ती लोकांना धरायला दिमिष्काला निघालेला शौल जेव्हा शिष्य होऊन यरुशलेमला आला, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना. त्याचा जुना 'मालक' तर त्याच्याविषयी चांगले बोलण्याची शक्यताच नव्हती. तेव्हा बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि या माणसाच्या बाबतीत काय घडले ते त्याने सांगितले (९:२६-२७). शौलाचा भूतकाळ त्याने झाकला नाही. त्याला जे माहीत होते ते त्याने सांगितले आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

मार्कचे पुढे काय झाले? कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, तो तुमच्याकडे आला तर त्याचे स्वागत करा, असे सांगितले आहे (४:१०). हे शिफारसपत्रच झाले. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मार्कला आपल्याकडे बोलावून घेतो, कारण सेवेसाठी तो उपयोगाचा आहे (४:११). ज्या तोंडाने नकार दिला त्याच तोंडाने हे म्हटले. मधली कित्येक वर्षे मार्क काय करत होता हे आपल्याला सविस्तर कळत नाही, पण तो काम करत होता एवढे नक्की. ख्रिस्तसभेच्या परंपरेनुसार दुसरे शुभवर्तमान याच मार्कचे आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस हा मुळात गुलाम होता, त्यामुळे मालकाच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आपल्या हातात काय आणि हाताबाहेर काय याची वाटणी करताना त्याने लौकिक हाताबाहेरच्या बाजूला ठेवला. लोक माझ्याविषयी काय बोलतील ते माझ्या हातात नाही, मग त्यासाठी का झुरावे? सेमिनरीत हे वाचले तेव्हा मला फार आवडले होते, आजही आवडते. याने मन शांत होते, पण नोकरी लागत नाही. शिवाय जे माझ्या हातात नाही ते कोणाच्या तरी हातात असतेच. माझा लौकिक माझ्या जुन्या साहेबाच्या हातात असेल, तर त्या हाताला देवाची आज्ञा लागू आहे.

ज्याला फोन येतो त्याच्यासाठी

आपल्या धर्मग्रामात नोकरी शोधणारे आहेत तसे सुपरवायझर, मुख्याध्यापिका, वॉर्डच्या सिस्टर, ठेकेदार, दुकानदारही आहेत. आजचा लेख खरे तर तुमच्यासाठी जास्त आहे. "अमुक तुमच्याकडे होता ना? कसा आहे?" असा दोन मिनिटांचा फोन येतो. तुम्ही चहा पीत असता, मशीन बंद पडलेले असते, डोके तापलेले असते. तरीही त्या वेळी तुम्ही साक्ष देत असता, आणि आठव्या आज्ञेने खोटी साक्ष मना केली आहे.

खोटे बोलून कोणाचे नाव बिघडवणे हे पाप आहे हे सगळ्यांना मान्य आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २४७७) त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगते. पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणे ही एक, आणि खरा दोष योग्य कारणाशिवाय तो ठाऊक नसलेल्यांना सांगणे ही दुसरी. "मी खरं तेच सांगितलं" ही सबब म्हणूनच पुरेशी ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस तर असे म्हणतात की दोष खरा असूनही तो अन्यायाने सांगितला, तर त्या माणसाच्या नावाची भरपाई करणे आपल्यावर बंधनकारक राहते. अर्थात ती भरपाई खोटे न बोलता करायची.

मग काय सांगावे? विचारणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे का आणि त्या कामाशी त्याचा संबंध आहे का, हे पाहावे. ज्या परिचारिकेने औषधांच्या कपाटातून चोरी केली तिच्याविषयी दुसऱ्या इस्पितळाने विचारले तर ते दडवता येणार नाही, कारण तेथे रुग्णांचा जीव आहे. पण तीच परिचारिका ड्युटीच्या पाळीवरून मेट्रनशी भांडली, किंवा बाळंतपणानंतर लगेच रुजू झाली नाही, किंवा युनियनच्या सभेला गेली, तर त्यात सांगण्यासारखे काय आहे? तीन वर्षांपूर्वी दारूमुळे दांड्या मारणारा मुलगा आता सुधारला असेल, तर दांड्या सांगून सुधारणा गाळणे ही अर्धी साक्ष झाली.

न बोलण्यातूनही माणूस मारता येतो. "त्याच्याबद्दल? जाऊ द्या ना..." असे म्हणून सोडलेला उसासा शिवीपेक्षा वाईट. जर्मनीत कामगाराला लेखी दाखल्याचा हक्क आहे आणि त्यात छुपा अर्थ घालायला कायद्याने बंदी आहे. तरी तेथे दाखल्यांची एक गुप्त भाषाच तयार झाली. 'समाधान', 'पूर्ण समाधान' आणि त्याच्याही वर 'अत्यंत पूर्ण समाधान' अशा पायऱ्या! माणसाची जीभ कायद्याच्या फटीतून कशी निसटते पाहा.

उलट दिशेनेही पाप होते. डोकेदुखी टळावी म्हणून नालायक माणसाची भरभरून स्तुती करून त्याला दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे आहेत. चांगल्या शब्दांच्या आड धोकादायक माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवला की काय अनर्थ होतो, हे ख्रिस्तसभेने आपल्याच घरातील जखमांतून शिकले आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अत्याचाराची माहिती कळवण्याचे बंधन घातले.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. नोटीस पूर्ण केली नाही म्हणून शिक्षिकेची किंवा परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणे हा अन्याय आहे. तुमचे पैसे निघत असतील तर ते रीतसर मागा. तिचे शिक्षण ओलीस धरू नका. असे करणारा ख्रिस्ती माणूस असेल तर त्याने ती प्रमाणपत्रे परत करून मगच पापनिवेदनाला यावे.

आता नोकरी शोधणाऱ्यांसाठी थोडे. लूकच्या शुभवर्तमानातील कारभारी (१६:१-८) कामावरून काढला जाणार हे कळताच घाबरतो. खणायची ताकद नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो हिशेबाच्या कागदांत फेरफार करून पुढची सोय लावतो. प्रभूने त्याच्या हुशारीचा दाखला दिला, लबाडीचा नाही. चुलतभावाचा नंबर 'मॅनेजर' म्हणून देणारे आजचे कारभारी हे विसरतात. त्यात आपण खोटे बोलतोच, आणि भावालाही खोटी साक्ष द्यायला लावतो.

त्यापेक्षा जुन्या साहेबांना आधी स्वतः फोन करावा, भेटता आले तर भेटावे. "माझ्यासाठी फोन येईल, तुम्ही काय सांगाल?" असे सरळ विचारावे. बरेचदा आपल्याला वाटते तेवढा राग समोरच्याच्या मनात राहिलेलाही नसतो. ते वाईटच बोलणार असे दिसले तर ज्याने आपले काम रोज पाहिले अशा दुसऱ्या कोणाचे, फोरमनचे किंवा सीनियर सिस्टरचे, नाव द्यावे, आणि काय घडले ते मुलाखतीत आपणच दोन वाक्यांत सांगावे. दोनच वाक्यांत! जुन्या मालकाची निंदा तेथे सुरू केली तर आठवी आज्ञा आपल्यालाही लागू होते, आणि नवा मालकही मनात म्हणतो, उद्या हा माझ्याविषयीही असेच बोलेल.

धर्मग्रामाच्या कार्यालयातून पत्र हवे असते त्यांनी "फादर, चांगलं लिहा" एवढेच सांगून जाऊ नये. तुम्हाला मी किती वर्षे ओळखतो, गायनवृंदात किंवा तरुणांच्या गटात तुम्ही काय जबाबदारी घेतली, सणाच्या वर्गणीचा हिशेब कसा ठेवलात, हे मी लिहू शकतो. मशीन कसे चालवता ते मी पाहिलेले नाही, ते लिहिणार नाही. कोणते काम आहे आणि पत्र कोणाला द्यायचे आहे ते दोन-तीन दिवस आधी येऊन सांगा. शेवटच्या संध्याकाळी घाईत लिहिलेल्या पत्रात नाव आणि गाव यापलीकडे फारसे काही येत नाही.