मोठे स्वप्न आणि प्रार्थना

प्रश्न (एक वाचक, अमळनेर) : मोठी स्वप्ने देवापुढे मांडणे हा ख्रिस्ती दृष्टीने लोभ ठरतो का?

उत्तर : ख्रिस्ती परिभाषेत ‘आशा’ म्हणजे इच्छापूर्तीचा अंदाज नव्हे, तर देवाच्या वचनावर विसंबून वाट पाहण्याची वृत्ती होय, म्हणून प्रार्थनेत, म्हणजेच देवाशी होणाऱ्या संवादात, मोठे स्वप्न मांडणे हा लोभ नव्हे, मात्र त्याचा निकाल देवावर सोपवावा लागतो. संत सखाराम महाराजांच्या अमळनेरात, जिथे विठ्ठलाशी मोकळेपणाने बोलण्याची वारकरी रीत मुरलेली आहे, तिथे हे परके वाटू नये. अशा मोठ्या स्वप्नाचे एक उदाहरण पाहा : १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य योजले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले आणि औपचारिक शिक्षण न लाभलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.