तद्विद्यसंभाषा आणि आजचे संवादगट : निवडीचे निकष

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. यांपैकी तिसरा उपाय आज बहुतांशी भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅप व टेलिग्राम गटांतून घडतो. गट वाढत जातात. चिकित्सालयातील वेळ मात्र तेवढाच राहतो. म्हणून गटांच्या निवडीचा विचार संहितेच्या आधारे करणे उचित ठरेल.

आचार्यांनी संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार मानले. संधायसंभाषा ज्ञानी, उत्तर देण्यास समर्थ, अक्रोधी व असूयारहित व्यक्तीशी करावी. परिषद ज्ञानवती वा मूढ. हेतूनुसार प्रत्येकीचे सुहृद, उदासीन व प्रतिनिविष्ट असे तीन भेद. प्रतिनिविष्ट परिषद ज्ञानवती असली तरी तेथे वाद करू नये, असा स्पष्ट निर्देश आहे.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग नमूद करतो. एका गटात ‘उत्तम रास्ना उपलब्ध’ असा संदेश आला आणि मागण्या सुरू झाल्या. एका तरुण वैद्याने विचारले, “कोणती रास्ना? कोणते अंग?” त्यास उत्तराऐवजी उपहास मिळाला. प्रश्न रास्तच होता. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने. केरळात अल्पिनिया गॅलंगाचा कंद वापरतात, तर बंगालात वान्डा. त्या वेळी आम्हीही मौन बाळगले, याची खंत आहे. चुकीच्या द्रव्याचे फळ अखेर रुग्णच भोगतो.

यावरून पुढील निकष सुचवितो :

१. शंका विचारणाऱ्यास मान मिळतो काय?

२. योगासोबत मात्रा, अनुपान व रुग्णाची अवस्था दिली जाते काय? अपयशही सांगितले जाते काय?

३. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारख्या अनुसूची ई(१) मधील द्रव्यांबाबत शोधनाचा उल्लेख असतो काय?

४. रुग्णाची ओळख गुप्त राखली जाते काय?

५. औषधविक्रेत्यांसाठी : केवळ दर कळतात, की बॅच क्रमांक व परीक्षण अहवालही मिळतो?

प्रत्येक गट तीन महिने या कसोट्यांवर पाहावा. पहिल्या व चौथ्या निकषास न उतरणारा गट तत्काळ सोडावा. उरलेल्या दोन-तीन गटांत मात्र केवळ वाचक न राहता आपणही प्रश्न विचारावेत. कारण परिषद ज्ञानवती होते ती सभासदांमुळेच.