शोमरोनाच्या वेशीवरील बंदिवान

(वाचन: २ इतिहास, अध्याय २८, ओव्या ५ ते १५, सोबत लूक, अध्याय १०, ओव्या २५ ते ३७)

बंधुजनहो, युद्धाच्या वार्ता हल्ली आपल्या खेड्यांतही तत्काळ येऊन पोहोचतात. पारावर बसलेल्या मंडळींच्या हातांतील मोबाईलवर पडलेली घरे व जळालेली गावे दिसतात. शत्रूकडील मुले मेली असे ऐकून कोणी समाधानाने मान डोलावली, तर त्यास अडविणारा क्वचितच निघतो. उपासनेत आपण आपल्या सैनिकांच्या रक्षणाकरिता प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पलीकडील जखमींकरिता प्रार्थना करावयाची वेळ आली म्हणजे पुष्कळ उपदेशकांची जीभ अडखळते. मंडळी काय म्हणेल, असे त्यांस वाटते. म्हणून ह्या आठवड्यात शास्त्रातील एक फारसा न वाचला जाणारा भाग आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला. यहूदाच्या गादीवर आहाज हा मूर्तिपूजक राजा होता. उत्तरेकडील इस्राएलाचा राजा पेकह त्याजवर चालून आला. एका दिवसात यहूदाचे एक लक्ष वीस हजार पुरुष पडले, आणि दोन लक्ष स्त्रिया, मुलगे व मुली ह्यांस धरून, लुटीसह, शोमरोनाकडे नेण्यात आले, असे शास्त्रलेख सांगतो. हे परके लोक नव्हते. एकाच याकोबाची ही लेकरे. भाऊबंदकीचे वैर किती तिखट असते हे बांधाच्या तंट्यांवरून आपणांस ठाऊकच आहे.

सैन्य जय मिळवून परत येत आहे. अशा वेळी गावे काय करतात? तोरणे बांधतात, वाजंत्री लावतात. परंतु वेशीबाहेर ओदेद नावाचा एक संदेष्टा सैन्याला आडवा येऊन उभा राहिला.

त्याचे बोलणे नीट लक्षात घ्यावे. यहूदा निर्दोष होता असे तो म्हणत नाही. उलट, परमेश्वराचा यहूदावर कोप झाला म्हणूनच तुम्हांस जय मिळाला, हे तो प्रथमच कबूल करतो. आमची बाजू खरी आहे, असे म्हणणाऱ्यास तो खोटे पाडीत नाही. परंतु तुम्ही ज्या संतापाने कत्तल केली तो संताप आकाशापर्यंत जाऊन भिडला आहे, असे तो त्यांस सांगतो. शिवाय ह्या बायकामुलांस दासदासी करण्याचा तुमचा बेत आहे. तुमच्या पदरी स्वतःची पापे नाहीत काय? आमच्या मते सर्व धड्याचे मर्म येथे आहे. बाजू न्यायाची असली म्हणजे हात मोकळे झाले असे होत नाही. न्यायाच्या बाजूने लढणाऱ्यालाही किती, कोणावर आणि कोणत्या मनाने वार केला, ह्याचा हिशेब परमेश्वरापुढे द्यावा लागतो.

ओदेदाचे शब्द हवेत विरून गेले असते. परंतु एफ्राइमी वंशातील चार प्रमुख पुरुष उठून उभे राहिले. त्यांची नावे शास्त्राने जपून ठेविली आहेत: अजऱ्या, बरेख्या, हिज्कीया व अमासा. एरव्ही त्यांच्याविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही. हातात शस्त्रे असलेल्या, रक्ताने माखलेल्या, लुटीची आशा धरून आलेल्या आपल्याच लोकांस त्यांनी सांगितले, ह्या बंदिवानांस येथे आणू नका. आपल्याच गावच्या विजयी लोकांपुढे असे बोलण्यास शत्रूपुढे उभे राहण्याहून अधिक धैर्य लागते. आणि नवल असे की, शिपायांनी ऐकले. बंदिवान आणि लूट दोन्ही तेथेच सोडून ते बाजूला झाले.

आता पंधरावी ओवी. जे उघडे होते त्यांस त्या पुरुषांनी वस्त्रे नेसविली, पायांत जोडे घातले, खाऊपिऊ घातले, तेल लाविले, आणि जे अशक्त होते त्यांस गाढवांवर बसवून यरीहो नगरास, त्यांच्या भाऊबंदांपाशी पोहोचते केले. वस्त्रे आली कोठून? त्याच लुटीतून. पाहा, ही दया किती बारकाईने केलेली आहे! कोणाचे पाय पोळले, कोणाला चालवत नाही, हे ज्याने जवळ जाऊन पाहिले त्यालाच जोड्यांची व गाढवांची आठवण होते.

तेल, जनावराची पाठ, यरीहो आणि शोमरोनी माणूस ही सर्व चिन्हे आपण आणखी एका ठिकाणी एकत्र पाहतो. यरीहोच्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा दाखला सांगताना प्रभूच्या मनात हा जुना वृत्तांत होता असे पुष्कळ विद्वान मानतात, आणि आम्हांसही ते पटते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरे नव्हे. ह्या दयेमुळे शोमरोन वाचले नाही. पुढे दहापंधरा वर्षांतच अश्शूरी सैन्याने ते नगर घेतले, व लोकांस बंदिवान करून नेले. त्या चौघांस हे भविष्य ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी उघड्या पायांस जोडे लागलेच असते.

सुमारे सव्वीस शतकांनंतरचा एक प्रसंग ह्या ओवीशी फारच जुळतो. २४ जून १८५९ रोजी इटली देशातील सोल्फेरिनो येथे एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया अशी मोठी लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी आणण्यात आले व तेथील देवळांच्या फरश्यांवर निजविण्यात आले. जिनिव्हाचा हेन्री द्युनां हा व्यापारी फ्रान्सच्या बादशहास आपल्या धंद्याच्या कामी भेटावयास त्या बाजूस आला होता. तो प्रॉटेस्टंट घराण्यातला, तरुण ख्रिस्ती मंडळाच्या कामात रमलेला. धंद्याचे काम राहिले बाजूस. गावच्या बायकांबरोबर तो जखमा धुवू लागला, आणि त्या बायका हा आपला की शत्रूचा असे विचारीत नव्हत्या. त्याने आपल्या गाडीवानास ब्रेशिया शहरी धाडून सदरे, पट्ट्या, लिंबे, साखर व तंबाखू मागविली. (तंबाखूविषयी आमचे मत वाचकांस ठाऊक आहे, परंतु पाय कापावयाच्या शिपायास ती देणाऱ्याशी आम्ही वाद घालणार नाही.) १८६२ साली त्याने ह्या अनुभवाचे पुस्तक छापिले. १८६३ साली जिनिव्हात पाच जणांची समिती बसली, तिचीच पुढे रेड क्रॉस संस्था झाली. १८६४ साली बारा राष्ट्रांनी, जखमी शिपाई कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा करावी असा करार केला. बंदिवान आणि नगरवासी ह्यांच्या रक्षणाचे सविस्तर करार १९४९ साली झाले. ते आजही लागू आहेत, आणि आजही मोडले जात आहेत.

उपदेशकांस आमची विनंती अशी की, हा धडा शिकविताना पंधरावी ओवी दोनदा, सावकाश वाचावी. मुलांकडून त्या चौघांनी काय काय केले ते बोटांवर मोजून घ्यावे. मग मोठ्या मंडळीस विचारावे की, ओदेद आपल्या वेशीवर उभा राहिला असता तर आपण त्यास काय म्हटले असते? उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नये. त्यानंतर जी प्रार्थना होईल तिच्यात, युद्ध चालू असलेल्या कोणत्याही एका देशाचे नाव घेऊन, त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायकामुलांची आठवण करावी. प्रथम उपदेशकाने स्वतः करावी, व मग एखाद्या अशा माणसास सांगावे की ज्याचा मुलगा सैन्यात आहे.