न थांबतां आज्ञा देण्याची रीत

दूरच्या संगणकाशीं आपला संगणक बोलूं लागतो, तेव्हां त्या संभाषणाचें अलीकडचें टोंक ज्या ठिकाणीं असतें त्यास सॉकेट म्हणतात. सॉकेट ही डोळ्यांस दिसणारी वस्तु नव्हे. ती संगणकाच्या स्मृतींत राखलेली एक नोंद आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९८३ सालीं युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ति प्रसिद्ध केली. तिच्याबरोबर ही कल्पना सर्वत्र पसरली. या सॉकेटास आज्ञा कशी द्यावी, आणि आज्ञा दिल्यावर उत्तरासाठीं तिष्ठत न बसतां आपलें काम कसें चालू ठेवावें, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे. उदाहरणासाठीं आम्ही लिनक्स ही प्रणाली घेतों. कारण तिची सारी रचना कोणासही वाचावयास मोकळी आहे.

प्रथम एक भेद मनांत पक्का केला पाहिजे. संगणकांत आपण जीं कामें चालवितों त्यांस प्रोग्रॅम म्हणतात. आणि त्या सर्वांवर देखरेख ठेवणारा, यंत्राच्या प्रत्येक भागावर ज्याचा ताबा आहे असा जो मूळ गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. सॉकेट कर्नेलच्या ताब्यांत असतें. प्रोग्रॅमला त्यास स्वतः हात लावतां येत नाहीं. त्यानें कर्नेलकडे विनंती करावयाची असते. या विनंतीस सिस्टीम कॉल असें नांव आहे. प्रत्येक विनंतीच्या वेळीं प्रोग्रॅमच्या बाजूकडून कर्नेलच्या बाजूस जावें लागतें व परत यावें लागतें. हा उंबरठा ओलांडण्यास थोडा वेळ लागतो. २०१८ सालीं मेल्टडाउन नांवाचा प्रोसेसरांतील दोष उघडकीस आला. त्यावर जी उपाययोजना झाली तिच्यामुळें अनेक यंत्रांवर हा वेळ आणखी वाढला. ज्या यंत्रास सेकंदाला लक्षावधि विनंत्या कराव्या लागतात, त्याला एवढासा वेळही भारी पडतो.

आतां आपल्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. गिरणींत दळण नेणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात. एक जण डबा ठेवून तेथेंच उभा राहतो; आपलें पीठ हातीं पडेपर्यंत हलत नाहीं. दुसरा डब्यावर आपल्या नांवाची चिठ्ठी लावतो, डबा रांगेंत ठेवतो, बाजारहाट उरकतो आणि येतांना पीठ घेऊन जातो. पहिल्या रीतीस समकालिक व दुसरीस असमकालिक म्हणावें. दुसऱ्या रीतीनें वेळ वांचतो हें उघडच आहे; परंतु ती साधण्यास कांहीं नियम पाळावे लागतात, आणि त्या नियमांतच या विषयाचें मर्म आहे.

पुष्कळ वर्षें सॉकेटांचें काम पहिल्या रीतीनें, किंवा फार तर तिच्यांत थोडी सुधारणा करून चालत असे. २००२ सालीं लिनक्समध्यें ईपोल ही सोय आली. तिच्यामुळें हजारों सॉकेटांपैकीं कोणतें तयार आहे एवढें कळूं लागलें. परंतु तयार असल्याची वर्दी मिळाल्यावर प्रत्यक्ष काम करून घेण्यासाठीं पुन्हां उंबरठा ओलांडावा लागेच. जेन्स अ‍ॅक्सबो यांनीं रचलेली आयओ-यूरिंग ही पद्धति मे २०१९ मध्यें लिनक्स ५.१ बरोबर प्रसिद्ध झाली, आणि दुसरी रीत खऱ्या अर्थानें हातीं आली.

तिची रचना अशी आहे. प्रोग्रॅम व कर्नेल या दोघांनाही दिसेल अशा स्मृतीच्या तुकड्यांत दोन वर्तुळाकार रांगा मांडलेल्या असतात. पहिलींत प्रोग्रॅम आपल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या टाकतो. दुसरींत कर्नेल निकालाच्या चिठ्ठ्या टाकतो. मागणीची चिठ्ठी सामान्यतः ६४ बाइटांची व निकालाची १६ बाइटांची असते. अनेक चिठ्ठ्या टाकून मग एकदांच उंबरठा ओलांडला तरी चालतें. निकाल मागणीच्या क्रमानेंच येतील असा मात्र भरंवसा नाहीं. ज्वारीचा डबा आधीं ठेवला तरी गव्हाचें पीठ आधीं तयार होऊं शकतें. म्हणून प्रत्येक मागणीवर प्रोग्रॅम आपली एक ६४ बिटांची खूण लिहितो, आणि कर्नेल ती खूण जशीच्या तशी निकालावर उतरवून देतो. खूण नसेल तर कोणतें उत्तर कोणत्या प्रश्नाचें हें ओळखतांच येणार नाहीं.

निरोप पाठविणें व घेणें हें सॉकेटाचें मुख्य काम. तें या रांगांतून लवकरच होऊं लागलें. पण सॉकेटाशीं दुसऱ्याही प्रकारचे व्यवहार असतात. न वाचलेला मजकूर किती सांचला आहे? पाठविलेल्यापैकीं किती अजून रांगेंत अडकला आहे? येणाऱ्या मजकुरासाठीं किती जागा राखून ठेवावी? हे प्रश्न व या आज्ञा दळणाच्या नव्हेत, गिरणीच्या व्यवस्थेच्या आहेत. त्यांसाठीं जुने सिस्टीम कॉल होते: सांचलेल्या मजकुराची विचारणा करण्यास आयओसीटीएल, पर्याय वाचण्यास गेटसॉकऑप्ट आणि पर्याय बदलण्यास सेटसॉकऑप्ट. तिघांसही उंबरठा ओलांडून उत्तर येईपर्यंत थांबावें लागे. शिवाय नव्या पद्धतींत असें सॉकेट उघडतां येतें कीं, ज्याची नोंद केवळ या रांगांच्या कोष्टकांत असते, नेहमींच्या यादींत नसते. अशा सॉकेटाला जुने कॉल मुळींच लागू पडत नाहींत.

ही अडचण दूर करण्यासाठीं रांगेंतूनच आज्ञा पाठविण्याचा एक सर्वसाधारण मार्ग जुलै २०२२ मध्यें लिनक्स ५.१९ बरोबर खुला झाला. कर्नेलच्या ज्या विभागास आज्ञा स्वीकारावयाच्या असतील त्यानें आपलें एक कार्य नेमून द्यावें, आणि रांगेनें चिठ्ठी त्याच्या स्वाधीन करावी, अशी ही योजना आहे. नेहमींच्या चिठ्ठींत आज्ञेच्या तपशिलासाठीं १६ बाइटांची जागा असते. १२८ बाइटांची मोठी चिठ्ठी घेतल्यास ८० बाइट मिळतात. पुढें सॉकेटांनींही हा मार्ग स्वीकारला, आणि जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.७ मध्यें पर्याय वाचण्याच्या व बदलण्याच्या आज्ञा रांगेंतून देतां येऊं लागल्या.

आतां पाठाच्या गाभ्याकडे वळूं. जुनी आज्ञा नव्या मार्गानें पाठविणें म्हणजे केवळ लिफाफा बदलणें नव्हे. गेटसॉकऑप्टचीच गोष्ट पाहा. जुन्या रीतींत प्रोग्रॅम दोन पत्ते देत असे. उत्तर कोठें लिहावें हा एक. आणि जेथें त्या जागेची लांबी लिहून ठेवली आहे तो दुसरा. कर्नेल दुसऱ्या पत्त्यावरील लांबी वाची, आणि खरी लांबी तेथेंच खोडून लिही. मागणारा दाराशीं उभा असतांना यांत विशेष अडचण नसते. पण तो चिठ्ठी टाकून निघून गेला असेल, तर त्यानें दिलेला प्रत्येक पत्ता हा एक धोका होतो. कारण कर्नेल तेथें पोंचेपर्यंत ती जागा दुसऱ्याच कामीं लागलेली असण्याचा संभव आहे. म्हणून नव्या रीतींत लांबीचा पत्ता न देतां लांबीचा आंकडाच चिठ्ठीवर लिहितात, आणि खरी लांबी निकालाच्या चिठ्ठींतून परत येते. एक पत्ता कमी झाला, तितकी काळजी कमी झाली. उत्तर लिहिण्याच्या जागेचा पत्ता मात्र टाळतां आला नाहीं. म्हणून निकाल हातीं येईपर्यंत ती जागा मोडूं नये, असा नियम प्रोग्रॅमवर घातला आहे. डबा गिरणींत ठेवून यावयाचें, आणि दळण होण्यापूर्वींच तो दुसऱ्या कामासाठीं उचलावयाचा, असें करून कसें चालेल?

येथें दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कर्नेलच्या अनेक जुन्या विभागांनीं, उदाहरणार्थ टीसीपीनें, लांबी थेट प्रोग्रॅमच्या पत्त्यावर लिहिण्याची संवय लावून घेतली होती. ते सारे विभाग बदलल्यावांचून त्यांचे पर्याय नव्या रीतीनें वाचतां येईनात. तेव्हां रचनाकारांनीं काय केलें? पर्याय वाचण्याची आज्ञा आरंभीं खुद्द सॉकेटाच्या पातळीवरील पर्यायांपुरतीच ठेवली, आणि बाकीच्यांस स्पष्ट नकार दिला. जें नीट करतां येतें तेवढेंच कबूल करावें, हा संयम कोणत्याही कारागिरास भूषणावह आहे.

हा संयम कां हवा, हें २०२३ सालच्या एका गोष्टीवरून ध्यानीं येईल. कर्नेलमधील सुरक्षेचे दोष दाखवून देणाऱ्यांस गूगल बक्षिसें देत असे. त्या वर्षीं जूनमध्यें त्या संस्थेनें जाहीर केलें कीं, अशा एका योजनेंत आलेल्या प्रयोगांपैकीं ६० टक्के प्रयोगांत आयओ-यूरिंगमधील दोषांचा उपयोग केलेला होता. त्यामुळें तिनें आपल्या सर्व्हरांवर व क्रोमओएसमध्यें ही सोय बंद केली, आणि अँड्रॉइडमध्यें तिच्यावर मर्यादा घातल्या. वेग ही मोठी गोष्ट खरी. पण मागणी व पूर्तता यांच्यामध्यें जो काळ जातो, त्या काळांत कोणती वस्तु कोणाच्या हवालीं आहे हें निश्चित नसेल, तर चोराला वाट तेथेंच सांपडते.

या सर्वांचें सार एवढेंच कीं, जो उत्तरासाठीं थांबणार नाहीं त्याची मागणी स्वयंपूर्ण असली पाहिजे. तींत खूण असावी. लागणारा मजकूर शक्यतों तिच्यांतच असावा. जी वस्तु दुसऱ्याच्या हवालीं केली तिला काम पुरें होईतों हात लावूं नये. आणि जें साधणार नाहीं त्यास आरंभींच नकार मिळावा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें या विद्येंत शिरतील त्यांस हे नियम पदोपदीं भेटतील. जे शिरणार नाहींत त्यांसही, कोणास काम सांगून निघण्यापूर्वीं, आपलें सांगणें पुरतें झालें कीं नाहीं हें एकदां पाहावयास हरकत नसावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. निकाल मागणीच्या क्रमानें येत नसतां प्रोग्रॅम ते कसे ओळखतो?

२. लांबीचा पत्ता देण्याऐवजीं लांबीचा आंकडा दिल्यानें कोणता धोका टळतो? गिरणीचें उदाहरण घेऊन सांगा.

३. ईपोल व आयओ-यूरिंग यांतील मुख्य भेद चार वाक्यांत लिहा.