पंच कधी मातीत उतरलाय का?

चुरशीची कुस्ती गुणांवर सुटली की आमच्या माणदेशात एक वाक्य हमखास कानावर येतं, "हा पंच कधी मातीत उतरलाय का?" मी उतरलोय. तालुका आणि जिल्ह्यापुरताच. गदा-बिदा काही आपल्या वाट्याला आली नाही. पुढं गुडघ्याने साथ सोडली आणि गळ्यात शिट्टी आली. दहिवडी, म्हसवड, आटपाडीकडची यात्रेची मैदानं आणि गादीवरच्या निवड चाचण्या, दोन्हीकडे उभं राहून जे उमगलं ते लिहितोय. चांगला पंच व्हायला चांगला पैलवान असावं लागतं का, एवढाच खरा सवाल आहे.

1. चितपट कुस्तीत पंचाच्या अकलेपेक्षा त्याची जागा महत्त्वाची.

मैदानाच्या उतारावर आणि जीपच्या टपावर बसलेल्या हजारो माणसांना एकदम "लागली!" असं दिसतं. पंचाला दिसायला हवी ती खांद्याच्या पात्याखालची बोटभर फट. ती उभ्याने दिसत नाही. मातीला गाल टेकावा लागतो, तोही खालच्या पैलवानाच्या डोक्याच्या बाजूने, कारण पायांकडून बघितलं तर वरच्याची छाती आड येते. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत आणि क्षणभर तसेच दाबून राहिले पाहिजेत. लोळण घेताना आधी डावा आणि मग उजवा टेकला, तर ती कुस्ती झाली नाही. पण पाठ लाल झालेली लोकांना दिसते आणि भांडण जुंपतं. अरे, पाठ तर खडाखडी संपायच्या आतच लाल होते!

2. कुठं बघायचं, हे खेळलेल्या अंगाला माहीत असतं.

पंच खेळलेला असावा असं म्हणणाऱ्यांचं इथं शंभर टक्के बरोबर आहे. ज्याने कधी लांग चढवली नाही तो हात आणि चेहरे बघतो. खेळलेला माणूस कंबर आणि पाय बघतो. एकेरी पट काढला की मैदान टाळ्या देतं. पण ज्याचा पाय धरलाय त्याने कंबर मागं टाकून सगळं वजन समोरच्याच्या मानेवर सोडलं असेल, तर अडकलाय तो पाय धरणारा. थोड्याच वेळात तो गुडघ्यावर येतो आणि दुसरा मागं सरकून कब्जा घेतो. हे ज्याला आधी कळतं तो पंच आधीच योग्य बाजूला गेलेला असतो. न खेळलेला उशिरा पोचतो आणि मग अंदाजाने बोटं वर करतो.

तसंच सवारी भरून वर बसलेल्याचं. तो डाव रचतोय की दम खातोय, हे त्याच्या पाठीवरून कळतं. डाव रचणाऱ्याची पाठ हलत राहते, दम खाणाऱ्याची फक्त फुगते. नियमाच्या पुस्तकात हे कुठंही लिहिलेलं नाही.

3. पण पैलवानाला स्वतःचा डाव प्यारा असतो.

ढाकेवर आयुष्य काढलेला पंच ढाकेचा नुसता प्रयत्न बघूनही खूश होतो. घिश्शाच्या तालमीत वाढलेला खालच्या कुस्तीला झुकतं माप देतो. यात लबाडी नसते. डोळ्यालाच तशी सवय लागलेली असते. शिवाय वस्ताद, तालीम आणि भावकी पाठीशी असतेच. जितका मोठा पैलवान तितकी ही सवय पक्की, आणि तितकंच त्याला "बुवा, चुकलं" म्हणायला बाकीचे कचरतात.

जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेवर महेंद्रला चार गुण दिले आणि महाराष्ट्रभर वादाचा धुरळा उडाला. चहाच्या टपरीवर जो तो व्हिडिओ थांबवून बघत होता. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की बहुतेक जण टांग किती देखणी होती यावर भांडत होते. गुण ठरतो तो पडणाऱ्याची पाठ गादीकडे किती वळली यावर. टांग मारणाऱ्याचं कौतुक वेगळं आणि पडणाऱ्याच्या पाठीचा हिशोब वेगळा. दोन्ही एकाच नजरेत बघितलं की घोटाळा होतो. पंचावर तोंडसुख घेणाऱ्यांत नावाजलेले पैलवानही होते. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केसरीची गदा घेऊन आपला जबाब दिला, हे बरं झालं.

4. बॉक्सिंगवाल्यांनी हे दुखणं आपल्या आधी भोगलंय.

माण-खटावची पोरं घराघरांतून फौजेत जातात. त्यातला एक दोस्त तिथं बॉक्सिंग खेळला. टीव्हीवर लढत लागली की आम्ही दोघं वेगवेगळ्या कागदांवर गुण मांडतो. फेरी जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. माझा कागद पुढं घुसणाऱ्याकडे झुकतो, कारण कुस्तीत मागं सरणारा भित्रा ठरतो. तो म्हणतो, "पुढं येणं म्हंजे मारणं नव्हं." मागं सरत सरत नेमके ठोसे देणारा त्याला दिसतो, मला गर्दीत घुसणारा दिसतो. लढत तीच, पण दोघांची अंगं वेगळ्या खेळात मुरलेली.

1988 च्या सोल ऑलिंपिकचा अंतिम सामना त्यानेच मला समजावला. अमेरिकेच्या रॉय जोन्सचे 86 ठोसे मोजले गेले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे 32. तरीही पाचपैकी तीन न्यायाधीशांनी कौल यजमान खेळाडूच्या बाजूने दिला. एवढी बोंब झाली की पुढं यंत्र आणलं. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा मोजायचा. 1992 पासून 2012 च्या ऑलिंपिकपर्यंत ही पद्धत चालली. काय झालं? पोटावरचे ठोसे आणि भराभर मारलेली जोडी बटणात सापडेना. बॉक्सर मग यंत्राला दिसेल असा एकेक सुटा ठोसा मारायला शिकले. कसब आकसलं. 2013 मध्ये यंत्र गुंडाळून 10-9 वर आले.

तरी रोग गेला नाही. 2016 च्या रिओत काही न्यायाधीशांना स्पर्धा चालू असतानाच बाजूला काढलं, आणि नंतर तिथल्या सगळ्या 36 पंच-न्यायाधीशांना निलंबित केलं. ही सगळी माणसं खेळ कोळून प्यालेली. त्याच रिओत आमच्या मोहीची ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेजच्या अंतिम फेरीत धावली, प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून. अंतिम फेरीत ती दहावी आली आणि त्यावर जगात कुणीही हुज्जत घातली नाही. घड्याळाचं बरं असतं.

5. गुण संपतात तिथं नियमाची पाठांतरं कामाला येतात.

एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 ने हरवून महाराष्ट्र केसरी मिळवली. एका गुणाचा फरक, म्हणजे रेषेबाहेर पडलेल्या एका पावलाचीच किंमत! आणि फरकच नसेल तर? समजा 4-4 झालं. एकाने एका डावात चार घेतले आणि दुसऱ्याने दोन-दोन करून, तर पहिला जिंकतो. तेही सारखं असेल तर ताकिदी मोजतात, त्याही सारख्या असतील तर शेवटचा गुण कुणाचा ते बघतात. मैदानातले निम्मे वस्ताद आजही शेवटच्या गुणावरच हटून बसतात. मातीत मुरलेला पंच इथं उपयोगी नाही, रात्री नियमाचं पुस्तक वाचून आलेला उपयोगी.

6. खाशाबांची गोष्ट फक्त पदकाची नाही.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन परतले. हेलसिंकीत त्यांना एक लढत संपताच लगेच पुढची खेळावी लागली. मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण बाजू मांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असं सांगतात. एवढा कसलेला मल्ल, पण त्याच्या कोपऱ्यात नियम जाणणारा माणूस नाही. पोरांना पट आणि टांग शिकवणाऱ्या तालमींनी आठवड्यातला एक तास नियमांना द्यावा, असं मी ही गोष्ट ऐकल्यापासून म्हणतोय.

7. हलगी.

पंचाने कान घरी ठेवून यावं. हलगी चढली की साधा झटकाही डाव वाटतो.

8. मग पंच कोण असावा?

माझं मत विचाराल तर थोडा खेळलेला आणि भरपूर बसलेला. चार-पाच वर्षं अंगाला माती लागलेली असावी, म्हणजे कंबर वाचता येते. त्यानंतर पंच परीक्षा द्यावी आणि जाणत्या पंचांच्या हाताखाली बाजूचा न्यायाधीश म्हणून टेबलाजवळ बसावं, जिथं टाळ्या आपल्यासाठी नसतात. केसरीच्या गदेने पंचगिरीचा दाखला मिळत नाही. उलट पुस्तक पाठ असलेला पण कधी पाय न धरलेला पोरगा मी गादीच्या कडेला बसवेन, मधे उभा करणार नाही. गादीवर तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं, म्हणून दोन्ही जातींची माणसं तिथं चालतात. यात्रेच्या मैदानात मात्र बहुतेक वेळा एकटाच पंच असतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो.

यात्रा कमिट्यांना म्हणूनच एक विनंती. मोठ्या जोडीच्या सलामीआधी दोन्ही वस्तादांना जवळ बोलवा आणि माईकवरून सांगा, की कुस्ती किती मिनिटांची, वेळ संपल्यावर गुणांवर जाणार की बरोबरीत सोडणार, गुणांवर गेली तर कब्ज्याला गुण आहे की नाही, आणि पंच कोणत्या तालमीचा. त्याच तालमीचा पैलवान जोडीत असेल तर त्या कुस्तीपुरता पंच बदला.